लोहाराचं घर आणि शिरगणतीचा कागद : व्हिक्टोरियन इंग्लंडमधलं एक कुटुंब कसं शोधावं, कसं वाचावं

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी कुणी शहर सोडून गावाकडे घर बघायला लागलं, की 'द ओल्ड फोर्ज', 'स्मिथी कॉटेज' नाहीतर 'फोर्ज लेन' असा पत्ता कधी ना कधी समोर येतोच. घर घेतलं की पुढचा प्रश्न ठरलेला: इथं भट्टी कुणाची होती? त्या लोहाराचं पुढं काय झालं? उत्तर बहुतेक वेळा सापडतं, आणि तेही घरबसल्या, कारण तिथल्या शिरगणतीचे नावनिशीवार कागद जपून ठेवलेले आहेत. हा लेख अशा नवशिक्यांसाठी आहे. सामाजिक इतिहास शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही तो चालेल.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. खेड्यातल्या लोहाराकडे संसार आणि कारखाना एकाच छपराखाली, फार तर एकाच अंगणात असायचा. शिरगणतीचा तक्ता मात्र कुटुंबाची यादी म्हणून छापलेला होता. त्यामुळे नवखा माणूस 'व्यवसाय' या रकान्यात 'ब्लॅकस्मिथ' वाचतो आणि पान मिटतो. धंद्याची खरी हकिगत नात्याच्या आणि जन्मगावाच्या रकान्यांत असते. वाचायला तिथून सुरुवात करायची.

आधी कागद ओळखा

इंग्लंड आणि वेल्समध्ये 1801 पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होत आली, पण सर्वांची नावं सलगपणे मिळतात ती 1841 पासून. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या तारखा एकदा वहीत उतरवून ठेवा, वय काढताना पदोपदी लागतात: 6 जून 1841, 30 मार्च 1851, 7 एप्रिल 1861, 2 एप्रिल 1871, 3 एप्रिल 1881, 5 एप्रिल 1891. त्यानंतरची 31 मार्च 1901 ची. राणी त्याच वर्षी 22 जानेवारीला वारली, म्हणजे काटेकोरपणे बोलायचं तर ती व्हिक्टोरियन नाही. पण ती वगळून कुणाचंच काम होत नाही.

हे सगळे रविवार. त्या रात्री जो त्या छपराखाली झोपला, त्याची नोंद त्या घरात. त्यामुळे घरचा मुलगा यादीत नाही म्हणून तो मेला किंवा घर सोडून गेला असं लगेच ठरवू नका. 1851 ची तारीख तर नेमकी 'मदरिंग संडे'ची होती. या रविवारी कामाला ठेवलेल्या मुलामुलींनी आईला भेटायला घरी जायची प्रथा होती. शागीर्द भट्टीवर दिसला नाही, तर त्याच्या आईच्या घरी डोकावून बघा.

पडद्यावर जे पान दिसतं ते लोहाराच्या हातचं नसतं. घरोघर कोरे तक्ते वाटायचे, कुटुंबप्रमुखाने ते भरायचे, मग प्रगणक ते गोळा करून आपल्या वहीत उतरवून घ्यायचा. आज उरल्यात त्या या वह्या. 1841 ते 1901 चे मूळ घरचे तक्ते नष्ट झाले, वेल्समधले तुरळक अपवाद सोडले तर. म्हणजे लोहाराने सांगितलं, कुणीतरी लिहिलं, प्रगणकाने उतरवलं, आणि त्यानंतर लंडनच्या कचेरीतल्या कारकुनाने मोजणी करताना नेमक्या वयावर आणि व्यवसायावर पेन्सिलीच्या रेघा ओढल्या. 34 चे 39 दिसू लागतात ते या रेघांमुळे.

1841 ची वही वेगळी आहे, तिच्यापासून जपून. ती पेन्सिलीने लिहिलेली, त्यामुळे फिकट. नातं लिहिलेलंच नाही. जन्म 'याच काउंटीत (म्हणजे तिथल्या जिल्ह्यात) का?' असं विचारलेलं, उत्तर होय किंवा नाही, आणि बाहेरचा असेल तर फार तर स्कॉटलंड, आयर्लंड की परदेश एवढंच. पंधरा वर्षांच्या वरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायची सूचना होती, सगळ्या प्रगणकांनी ती पाळली नाही हा भाग वेगळा. 35 लिहिलेला लोहार 35 ते 39 मधला कितीचाही असेल, म्हणजे जन्म जून 1801 ते जून 1806 या पाच वर्षांत कधीही. पतिपत्नी वाटणारी जोडी भाऊबहीणही असू शकते. एका घरातलं एक कुटुंब संपलं की नावाशेजारी एक तिरकी रेघ आणि घर संपलं की दोन, एवढ्यावरच कोण कुणाबरोबर राहत होतं ते ओळखायचं.

1851 पासून मात्र चैन आहे. कुटुंबप्रमुखाशी नातं, लग्न झालंय की नाही, नेमकं वय, व्यवसाय, आणि जन्माची काउंटी व पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव.

शोध: नावाआधी गाव

नावापासून सुरुवात करायचा मोह होतो. तो आवरा. ही नावं आज संगणकात शोधता येतात ती कुणीतरी जुनी अक्षरं वाचून पुन्हा टाइप केली म्हणून, आणि त्यात चुका भरपूर. आडनाव स्मिथ असेल तर मग विचारायलाच नको. शेकड्यांनी निकाल येतील आणि त्यातले बहुतेक स्मिथ शेतमजूर, शिंपी नाहीतर किराणा दुकानदार निघतील.

त्याऐवजी गाव धरा. एखाद्या खेड्याची अख्खी वही फार मोठी नसते. एक संध्याकाळ बसलात तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नजर फिरते. वहीच्या सुरुवातीला प्रगणकाने आपल्या विभागाचं वर्णन लिहिलेलं असतं: कुठल्या रस्त्यापासून सुरुवात, कुठली शेतं, कुठपर्यंत. ते नक्की वाचा, बहुतेक लोक ते पान ओलांडून जातात. मग व्यवसायाच्या रकान्यातून वरून खाली या. लोहार सापडेलच, आणि गावात एक आहे की तीन, हेही कळेल. तीन असले तर एकमेकांचे कोण लागतात हे पुढचं कोडं.

फुकटात काय मिळतं? 'फॅमिलीसर्च' या संकेतस्थळावर 1881 ची इंग्लंड-वेल्सची पूर्ण अनुक्रमणिका विनामूल्य आहे. 'फ्रीसेन'वर स्वयंसेवकांनी काही काउंट्यांची काही वर्षं टाकली आहेत. मूळ पानांच्या प्रतिमांसाठी 'अँसेस्ट्री' किंवा 'फाइंडमायपास्ट' लागतं. त्यांचे पैसे पडतात, पण इंग्लंडमधल्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत आणि काउंटीच्या अभिलेखागारांत ती तिथल्या संगणकावर फुकट बघता येतात. वर्गणी भरण्याआधी जवळच्या ग्रंथालयात चौकशी करा.

टाइप केलेली नोंद मिळाली म्हणजे काम झालं असं नाही. प्रतिमा उघडा. नावात गोंधळ वाटला तर आडनाव काढून टाका आणि पहिलं नाव, अंदाजे वय, जन्मगाव एवढ्यावर शोधा. एका घरातली दोन-तीन पहिली नावं जुळली तर आडनावाचं स्पेलिंग कितीही वाकडं असो, घर तेच.

संदर्भ क्रमांक लगेच टिपा. 1841 आणि 1851 चे कागद एचओ 107 या मालिकेत, 1861 चे आरजी 9, 1871 चे आरजी 10, आणि असेच चढत 1901 चे आरजी 13. सगळे लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजचे. मालिकेपुढे पीस क्रमांक (वह्यांच्या गठ्ठ्याचा), मग फोलिओ, म्हणजे वहीतला एक कागद, मग पान. फोलिओचा शिक्का फक्त पानाच्या पुढच्या बाजूला, वरच्या उजव्या कोपऱ्यात असतो. मागची बाजू त्याच क्रमांकात येते. हे माहीत नसलं की क्रमांक गायब झाल्यासारखा वाटतो.

आणखी एक सापळा. डावीकडच्या पहिल्या रकान्यातला आकडा घरनंबर नाही. तो तक्त्याचा अनुक्रमांक आहे. 47 दिसतंय म्हणून 47 नंबरचं घर शोधत फिरणारे पुष्कळ. खेड्यात घरांना नंबर नसायचेच. 'द स्ट्रीट', 'ब्लॅकस्मिथ्स शॉप' किंवा नुसतं गावाचं नाव एवढाच पत्ता.

एक घर जवळून

आता एक नमुना घेऊ. माणसं मी रचलेली आहेत, गावं खरी आहेत. सफोक काउंटीतलं योक्सफर्ड, साल 1861. पानावर एका घरात आठ नावं आहेत, असं समजा:

हेड, विवाहित, 41, 'ब्लॅकस्मिथ, मास्टर, एम्प्लॉइंग 1 मॅन अँड 1 बॉय', जन्म फ्रामलिंगहॅम.
वाइफ, 40, व्यवसाय कोरा, जन्म योक्सफर्ड.
सन, 17, 'ब्लॅकस्मिथ', जन्म लाइस्टन.
डॉटर, 14, कोरा, जन्म लाइस्टन.
सन, 9, 'स्कॉलर', जन्म योक्सफर्ड.
फादर-इन-लॉ, विधुर, 71, 'फॉर्मर्ली ब्लॅकस्मिथ', जन्म योक्सफर्ड.
नेफ्यू, 15, 'ब्लॅकस्मिथ्स अप्रेंटिस', जन्म फ्रामलिंगहॅम.
लॉजर, अविवाहित, 24, 'जर्नीमन ब्लॅकस्मिथ', जन्म नॉरफोक.

जन्मगावांवरून बोट फिरवा. चौदा वर्षांची मुलगी लाइस्टनची, नऊ वर्षांचा मुलगा योक्सफर्डचा. म्हणजे घर हललं ते या दोन जन्मांच्या मध्ये, 1846 ते 1852 च्या दरम्यान. मधे 1851 ची शिरगणती पडते, त्यामुळे दोन्ही गावांत शोधायचं. लाइस्टन का? तिथं गॅरेट घराण्याचा शेतीअवजारांचा मोठा कारखाना होता. त्याची सुरुवातही 1778 मध्ये एका लोहाराच्या भट्टीतूनच झाली होती. तरुण लोहार तिथं पगारावर असेल असा अंदाज बांधता येतो. अंदाजच, 1851 चं पान मिळेपर्यंत तो पेन्सिलीने लिहायचा.

मग योक्सफर्डला यायचं कारण काय? बायकोचं जन्मगाव बघा आणि सहाव्या ओळीतल्या म्हाताऱ्याकडे बघा. तो योक्सफर्डचा, तोही लोहार. भट्टी सासऱ्याची असावी, ती चालवायला जावई आला, आणि 1861 पर्यंत मालकच आश्रित झाला. बायकोच्या नावापुढचा रकाना कोरा आहे, तरी हे घर, ही भट्टी, हे गिऱ्हाईक सगळं तिच्या माहेरचं. व्यवसायाच्या रकान्यातून हे कधीच कळलं नसतं.

थांबा, एक शंका काढायची राहिली. त्या काळी 'इन-लॉ' हा शब्द सावत्र नात्यालाही लावायचे. आठ वर्षांचा 'सन-इन-लॉ' दिसला की घाबरू नका, तो सावत्र मुलगा आहे. तसाच इथला 'फादर-इन-लॉ' सासरा नसून लोहाराच्या आईचा दुसरा नवराही असू शकतो. याचा निकाल लग्नाच्या नोंदीत लागतो: वधूच्या बापाचं नाव आणि त्याचा धंदा तिथं लिहिलेला असतो.

आता कामाची माणसं मोजा. मालक सांगतो एक गडी, एक पोरगा. गडी म्हणजे भाडेकरू म्हणून नोंदलेला जर्नीमन, अर्थात शिकून तयार झालेला पण स्वतःची भट्टी नसलेला मजुरीवरचा कारागीर. पोरगा म्हणजे भाचा की पुतण्या, ते इंग्रजीत कळत नाही, पण फ्रामलिंगहॅमचा म्हणजे लोहाराच्या बाजूचा. सतरा वर्षांचा मुलगा मात्र त्या हिशेबात दिसत नाही. घरच्या माणसांना धरायचं की नाही, हे ज्याने त्याने आपापलं ठरवलेलं असायचं. प्रत्यक्षात ऐरणीभोवती चौघं, आणि म्हाताऱ्याला बसवत नसेल तर पाचवा भाता ओढायला. उलट ज्याच्यापुढे 'एम्प्लॉइंग' काहीच लिहिलेलं नाही तो एकटाच होता असंही नाही. 1851 पासून मालकांनी हाताखालची माणसं सांगावीत अशी सूचना होती, पण पुष्कळांनी ती सोडून दिली.

बायका, पोरं आणि कोरे रकाने

लोहाराच्या बायकोपुढे बहुधा काहीच नसतं, कधीतरी 'ब्लॅकस्मिथ्स वाइफ'. याचा अर्थ ती काम करत नव्हती असा घेऊ नका. हिशेब, उधारीची वसुली, शागिर्दाचं जेवणखाण आणि कपडे हे कुणी केलं असेल? नवरा वारला की पुढच्या शिरगणतीत तीच 'हेड, विडो, ब्लॅकस्मिथ, एम्प्लॉइंग 1 मॅन' म्हणून उभी राहते आणि वयात आलेला मुलगा तिच्याखाली नुसता 'ब्लॅकस्मिथ' असतो. ती स्वतः घण मारत नसेल, पण धंदा तिच्या नावावर होता. अशी ओळ मिळाली तर आधीच्या दहा वर्षांतला नवऱ्याचा मृत्यू शोधा.

इंग्लंडमध्ये बाया हातात हातोडा घेऊन लोखंड घडवत नव्हत्या असंही नाही. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला, ब्लॅक कंट्री म्हणतात त्या भागात, खिळे आणि साखळ्या घडवणाऱ्या बायकांनी शिरगणतीची पानंच्या पानं भरलीत. पण ते घरामागच्या छोट्या भट्ट्यांतलं उक्तं काम, व्यापाऱ्याकडून लोखंडी सळ्या आणून केलेलं. गावच्या लोहाराशी त्याची गल्लत करू नका.

पोरांपुढे 'स्कॉलर' असतं. तो शाळेत खरोखर किती जायचा हे त्यावरून ठरत नाही. सक्तीचं शिक्षण देशभर आलं 1880 च्या कायद्याने, तेही दहाव्या वर्षापर्यंत. त्याआधीच्या 'स्कॉलर'मध्ये रविवारची शाळाही येते, घरचं शिकणंही येतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलापुढे काहीच नसेल तर तो बापाच्या भट्टीत भाता ओढत होता असं समजायला हरकत नाही, लिहिताना 'असावा' म्हणा म्हणजे झालं.

शागिर्दी साधारण चौदाव्या वर्षी सुरू होऊन एकविसाव्या वर्षी संपायची. सात वर्षांच्या शागिर्दीची कायद्याची सक्ती 1814 मध्येच उठली होती, प्रथा मात्र टिकली. 'अप्रेंटिस' शब्द कधी नात्याच्या रकान्यात असतो, कधी व्यवसायाच्या. 1841 मध्ये नुसतं 'एपी', आणि जर्नीमनला 'जे'.

'ब्लॅकस्मिथ'च्या शेजारचे शब्द

'स्मिथ' म्हणजे बहुधा लोहारच. 'शूइंग स्मिथ' आणि 'फॅरिअर' हे नालबंद, यातला फॅरिअर घोड्यांची औषधंही करायचा. 'व्हाइटस्मिथ' हा कानसून, घासून-पुसून बारीक काम करणारा, किंवा कथलाचं काम करणारा. 'स्ट्रायकर' म्हणजे उस्तादाने दाखवलेल्या जागी मोठा घण घालणारा गडी. 'डीओ' दिसलं तर ते वरच्या ओळीसारखंच असं समजायचं. वरची ओळ कुठली, हे मात्र डोळे फाडून बघावं लागतं.

दुहेरी धंदे मजेशीर असतात. 'ब्लॅकस्मिथ अँड बिअरहाउस कीपर' ही जोडी वारंवार भेटते. 1830 च्या कायद्याने बिअर विकायचा परवाना मिळणं सोपं झालं, आणि नाल ठोकून होईपर्यंत घोड्याचा मालक तसाही रिकामाच उभा असायचा. 'ब्लॅकस्मिथ अँड फार्मर ऑफ 12 एकर्स' असंही दिसतं. शतकाच्या अखेरीस काही लोहार सायकली दुरुस्त करताना सापडतात, आणि त्यांच्यातल्या काहींच्या भट्टीच्या जागी पुढे मोटारींचं गॅरेज झालं.

1891 मध्ये मालक, नोकर आणि दोन्ही नाही असे तीन वेगळे रकाने आले आणि त्यात फुली मारायची होती. लोकांनी दोन-दोन, तीन-तीन ठिकाणी फुल्या मारल्या. त्या वर्षीच्या सरकारी अहवालानेच हे आकडे भरवशाचे नाहीत असं म्हटलंय, त्यामुळे एका फुलीवर इमारत बांधू नका. त्याच वर्षी घरात पाचापेक्षा कमी खोल्या असतील तर त्यांची संख्या विचारली गेली. जागा कोरी असेल तर पाच किंवा जास्त, म्हणजे खेड्याच्या मानाने बरं घर.

शेजार वाचा

लोहाराच्या पानाच्या आगेमागे दोन-दोन पानं वाचायची सवय लावा. प्रगणक पायी फिरत होता, त्याच्या वहीचा क्रम म्हणजे बहुधा त्याची वाट. शेजारी चाकं करणारा सुतार, 'व्हीलराइट', निघाला तर आश्चर्य नको. लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवायची तर दोघं लागतात: धाव तापवून लालबुंद करायची, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची, ठोकायची आणि लाकूड पेटायच्या आत पाणी ओतायचं. आपल्याकडे बैलगाडीची धाव ज्यांनी चढवलेली पाहिलीय त्यांना हे सांगायला नको. काही इंग्लिश गावांत जुन्या भट्टीबाहेर चाक ठेवायची गोल लोखंडी तबकडी अजून जमिनीत दिसते. ती दिसली तर पत्त्याचा वादच मिटतो.

पत्ता पक्का करायला ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे जुने मोठ्या प्रमाणावरचे नकाशे वापरा. मैलाला सहा इंच आणि मैलाला पंचवीस इंच या दोन्हींवर 'स्मिथी' असं छापलेलं असतं, आणि स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचे नकाशेही फुकट बघता येतात. त्याआधीचा काळ हवा असेल तर 1836 च्या कायद्यानंतर तयार झालेले टाइद, म्हणजे चर्चला द्यायच्या दशांशाचे, नकाशे आहेत. त्यांच्यासोबतच्या यादीत प्रत्येक तुकड्याचा मालक कोण आणि वहिवाट कुणाची हे दिलंय. लोहार स्वतःच्या भट्टीचा मालक क्वचितच असायचा. जमीनदाराचं नाव कळलं की त्या इस्टेटीचे भाड्याचे कागद काउंटीच्या अभिलेखागारात आहेत का हे विचारता येतं.

दहा-दहा वर्षांची साखळी

एक पान म्हणजे एक रात्र. तोच माणूस 1841 ते 1901 प्रत्येक वेळी शोधा आणि एका कागदावर आडवे रकाने पाडून मांडा. वय दहाऐवजी आठने किंवा बाराने वाढलेलं दिसेल, तेवढं माफ. जन्मगाव बदललेलं दिसेल: तरुणपणी खरं खेडं, पुढे जवळच्या मोठ्या गावाचं नाव. अशा वेळी जास्त बारीक नाव सहसा खरं.

जन्मवर्ष काढताना संकेतस्थळं सालातून वय वजा करतात. शिरगणती मार्च-एप्रिलमध्ये असल्यामुळे हे बहुतेकांच्या बाबतीत एक वर्षाने चुकतं. 30 मार्च 1851 ला 34 वर्षांचा माणूस 31 मार्च 1816 ते 30 मार्च 1817 या दरम्यान जन्मलेला, म्हणजे चारांत तिघं 1816 चे. संगणक मात्र 1817 सांगणार.

आपल्या नमुन्यातल्या थोरल्याचं 1871 मध्ये काय होईल? बऱ्याच घरांत थोरला निघून जातो आणि भट्टी धाकट्याकडे राहते, कारण बाप थकतो तेव्हा थोरल्याने बाहेर बस्तान बसवलेलं असतं. हातात लोखंडाची कला असलेल्या पोरांना स्विंडन आणि क्रूसारख्या रेल्वेच्या कारखान्यांनी ओढून घेतलं. तिथं तो 'फिटर', 'बॉयलरमेकर' किंवा 'एंजिन स्मिथ' म्हणून सापडतो. गावात नाही म्हणून शोध थांबवू नका, जन्मगाव घालून देशभर शोधा.

मधल्या दहा वर्षांची पोकळी इतर कागदांनी भरायची. 1 जुलै 1837 पासून जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद आहे, आणि विवाहाच्या दाखल्यावर दोन्हीकडच्या बापांचा धंदा लिहिलेला असतो. जनरल रजिस्टर ऑफिसच्या स्वतःच्या जन्म-अनुक्रमणिकेत आईचं माहेरचं आडनाव 1837 पासून आहे. एका जोडप्याची सगळी मुलं, दोन शिरगणत्यांच्या मधे जन्मून गेलेली धरून, गोळा करायला याच्याइतकं उपयोगी काही नाही. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत 1813 पासून बापाचा धंदा येतो. केली, व्हाइट, पिगट यांच्या व्यापारी डिरेक्टऱ्यांत गावागावाचे लोहार छापलेत, फक्त छपाईच्या वर्षापेक्षा माहिती थोडी शिळी असते हे धरून चाला. 1858 पासूनच्या मृत्युपत्रांची सरकारी यादी ऑनलाइन शोधता येते. लोहाराने किती मागे ठेवलं हे तिथं दिसतं, आणि काही वेळा ते अपेक्षेपेक्षा बरंच निघतं.

शेजारचे देश

स्कॉटलंडचे कागद 'स्कॉटलंड्स पीपल'वर. वेल्समध्ये 1891 पासून घरातला प्रत्येकजण वेल्श बोलतो की इंग्रजी, हे विचारलंय. आयर्लंडची एकोणिसाव्या शतकातली बहुतेक शिरगणती गेली. काही सरकारनेच नष्ट केली, काही 1922 मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराबरोबर जळली. पण 1901 आणि 1911 ची शाबूत आहे, फुकट आहे, आणि तिथं घरोघरचे मूळ तक्ते आहेत. त्यांतल्या बी2 या नमुन्यात घराशेजारच्या गोठा, तबेला, खुराडं अशा बांधकामांची मोजणी आहे आणि त्यात 'फोर्ज' असा स्वतंत्र रकाना आहे. इंग्लंडच्या शिरगणतीत अशी सोय नाही.

'ईस्ट इंडीज' लिहिलेलं दिसलं तर

कधीकधी सफोक किंवा विल्टशरच्या एखाद्या खेड्यात लोहाराच्या मुलापुढे जन्मगाव 'ईस्ट इंडीज, पूना' किंवा 'किर्की' (आपली खडकी) असं येतं. बाप घोडदळात किंवा तोफखान्यात नालबंद होता, खडकीच्या छावणीत राहिला, निवृत्त होऊन गावी परतला आणि भट्टी घातली, असा मार्ग असू शकतो. अशा वेळी इंडिया ऑफिस, म्हणजे लंडनमधून हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या खात्याच्या कागदपत्रांतली एन/3 ही मालिका बघायची: मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, विवाह आणि दफन. मूळ कागद ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि प्रतिमा 'फाइंडमायपास्ट'वर.

मग साहजिकच मनात येतं, की खडकीच्या त्या छावणीपलीकडच्या गावातला आपला लोहार असा सापडेल का? शिरगणतीत नाही. हिंदुस्थानात देशभर एकाच वेळी झालेली पहिली शिरगणती 17 फेब्रुवारी 1881 ची; तिचे जिल्हावार, जातवार, धंदेवार तक्ते छापलेले आहेत, पण घरोघरची नावं असलेले कागद मोजणी झाल्यावर ठेवलेच नाहीत. आपल्याकडे नावानिशी शोधायचं तर वाट वेगळी: तहसील कचेरीतलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी, बलुत्याच्या हक्कांचे तंटे पेशवे दफ्तरात, आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या. यांतलं बरंचसं मोडीत आहे, तेव्हा आधी मोडी वाचणारा गाठा.